चार वाजताचा पाऊण अंश

प्रेमापुढे जगातलं कुठलंही शास्त्र टिकत नाही, असं जाणती माणसं सांगत आली आहेत. हिचं शास्त्र मात्र फक्त पाऊण अंशाने ढळलं होतं, आणि तेही दुपारी चार ते पाच.

ती खोल्यांचं गणित मांडणारी इंजिनिअर. भिंत किती ऊब धरते, खिडकीतून किती निसटते, हीटर कधी लावायचा नि कधी थांबवायचा, हे कॉम्प्युटरने आपलं आपण ठरवावं म्हणून तिने, ती स्वतः बसायची त्या चाचणीच्या छोट्याशा खोलीचं मॉडेल केलं होतं. मॉडेल आणि थर्मामीटर दिवसभर नव्या जावांसारखे हो ला हो करत. चार वाजले की बिनसलं, थर्मामीटर पाऊण अंश वर! सोमवारी साहेब बघणार होते. जुळलं नाही तर काम दुसऱ्या गटाकडे आणि ती दुसऱ्या गावच्या शाखेत.

तिने भिंती जाड केल्या, काच बदलली – अर्थात कॉम्प्युटरवर. फरक जागचा हलेना.

शेजारच्या खोलीतला नकाशेवालाही हलायचा नाही. रोज चारला चहाचा कप घेऊन यायचा, आमच्याकडे फार गारठा आहे हो म्हणायचा, आणि पाच मिनिटं म्हणून तासभर बसायचा. तिच्या भिंतींची आस्थेने विचारपूस करायचा. एवढी तर तिच्या आईनेही कधी केली नव्हती.

गुरुवारी तो रजेवर होता. चारला स्क्रीनवर मॉडेलची आणि थर्मामीटरची रेषा एकमेकींवर चपखल बसल्या... आणि व्हायचा तो आनंद काही झाला नाही. मग तिची ट्यूब पेटली. गणितात तिने दिवा धरला होता, कॉम्प्युटर धरला होता, स्वतःलाही धरलं होतं. बसलेला माणूस शंभर वॉटच्या दिव्याएवढी ऊब देतो, हे तिला तोंडपाठ. पण आल्यागेल्याला कोण मोजतं?

घरी निघताना ती थर्मामीटर घेऊन त्याच्या खोलीत डोकावली.

शुक्रवारी तो आला, बसला, हात चोळू लागला.

"तुमच्या खोलीत चोवीस आहे," स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली. "इथल्यापेक्षा दोन जास्त. काल मोजून आले."

त्याने कप खाली ठेवला. "तिथे गारठा नव्हता... पण तिथे तुम्हीही नव्हतात."

"तुम्ही आलात की माझं गणित चुकतं."

"मग – नाही येत." तो उठला.

"बसा हो." तिचे कान तापले होते; त्याची नोंद कुठेच होत नव्हती. "काल गणित बरोबर आलं, तर मला करमेना. तुम्हाला मॉडेलमध्येच घेते. कायमचं."

"कायमचं म्हणजे... माझी तयारी आहे."

"मग वजन सांगा," ती म्हणाली. "आणि तेवढं तरी खरं सांगा."