तीनशे शब्द कमी

मासिकात पानाची लांबी आधी ठरते आणि आयुष्याची नंतर. जाहिरात आली की मजकूर आखडतो. खाणे, फिरणे आणि बायका या तीन विषयांवर मी अठ्ठावीस वर्षे लिहीत आले, तेही कुणाची नोकरी न पत्करता, आणि माझा असा एकही लेख मला आठवत नाही ज्याला एखाद्या साबणाने किंवा गादीने ढकलून बाजूला सारले नाही. तरुणपणी मला प्राचीन व्याकरणकारांवर प्रबंध लिहायचा होता. मार्गदर्शकांनी तो चाळला आणि 'बायकांच्या मासिकात शोभेल अशी शैली' असा शेरा मारला. मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही.

यंदा एका प्रकाशकाने माझ्या 'एक बाई, एक आयुष्य' या सदरातील निवडक लेखांचे पुस्तक काढायचे ठरवले. सदराची रीत अशी: लेखात बाई स्वतःच 'मी' म्हणून बोलते, ऐकणारी आणि लिहिणारी मी कुठेही दिसत नाही. पुस्तकासाठी त्या सगळ्याजणींची संमतीपत्रे नव्याने हवी होती. म्हणून मी जुने पत्ते काढले आणि घरोघर फिरू लागले.

पहिली भेट एका बेकरीवालीची. तिच्यावर लिहून एकोणीस वर्षे झाली होती. दुकान तेच, काउंटरवरची काच तीच, फक्त केस पिकलेले. सही करता करता ती आपली हकिकत सांगू लागली, आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आले की ती माझा लेख बोलते आहे. शब्द न् शब्द. जिथे माझा परिच्छेद संपत होता तिथे ती थांबून श्वास घेत होती. मला गुदगुल्या झाल्या, हे कबूल करते. लेख पाठ करणारा वाचक लेखकाला स्वप्नातही मिळत नाही.

मग तिने बाही वर केली. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी, चकचकीत खूण होती.

"हे कधी भाजलं?" मी विचारले.

"घ्या! मलाच विचारता? तुम्हीच लिहिलंत की." ती हसली. "'कोपरापर्यंत भट्टीची सही.' माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त माहीत."

घरी येऊन मी तेव्हाची टिपणवही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'डावा अंगठा, लहानसा चटका.' भट्टीजवळ जन्म काढलेल्या बाईला अंगठ्याएवढा चटका शोभत नाही, असे मला त्या वेळी वाटले होते. मी तो थोडा वाढवला होता.

टिपणे चुकू शकतात. मी वही मिटली.

दुसरी बाई नदीवरच्या होडीसेवेत तिकिटे फाडायची. तिच्या लेखाच्या वेळी गाद्यांची जाहिरात आली होती, आणि दोन परिच्छेद उडवायचे होते. मी तिचा नवरा उडवला. तो चांगला होता, आणि चांगल्या नवऱ्यांना मासिकात जागा नसते. वहीत तो अजून होता: रोज दुपारी खिडकीत डबा आणून देणारा, धुक्याने खोकणारा.

"मालक काय करतात हल्ली?" मी सहज विचारले.

"कुणाचे मालक? मी लग्न केलं असतं तर या होड्या कुणी सोडल्या असत्या?" ती म्हणाली. "सकाळी आठ फेऱ्या, संध्याकाळी आठ. नवरा कुठे बसवू, टपावर?"

दाराशी पुरुषी बुटांचा एक जोड होता. तळ ओले होते. मी बोट दाखवले. तिने त्या दिशेला पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली. माझ्याबद्दलची.

"काय आहे तिथे?"

आतल्या खोलीत कुणीतरी दीर्घ, ओले खोकले. तिचे बोलणे अर्ध्या अक्षरानेही अडखळले नाही. भिंत पातळ असणार, शेजारच्या घरात कुणी आजारी असणार, असे मी ठरवून टाकले. विवेकवादी माणसाला पातळ भिंतींचा फार आधार असतो.

तरी त्या आठवड्यात मी आणखी चौघींकडे गेले. ज्या जागी मी रंग भरला होता, तो रंग त्यांच्या अंगावर होता. ज्याला मी कात्री लावली होती, त्याचे नाव त्यांच्या ओठांवर येत नव्हते. सातवीकडे जायचे मला धाडस झाले नाही, आणि ते न होण्यामागे एक वेगळे कारण होते. ते कारण म्हणजे ताई.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जमीन-मोजणीच्या कचेरीत तिने एकतीस वर्षे हाताने नकाशे काढले. यंत्रे आली तरी अवघड नदी तिच्याकडेच पाठवत. आई गेली तेव्हा मी एका हॉटेलच्या न्याहारीवर लिहायला परमुलखात होते आणि लेख पुरा करून परतले. त्यानंतर अकरा वर्षे ताई माझ्याशी बोलली नाही. मागच्या वर्षी तिच्या रक्तात बिघाड निघाला, तेव्हा दवाखान्यातून फोन मला आला, कारण दुसरे कुणी नव्हते. त्या लोखंडी खाटेशेजारी आम्ही पुन्हा बहिणी झालो. आता डॉक्टरांनी दुसरी फेरी सांगितली होती: चार महिने, दर गुरुवारी, सुईवाटे औषध. "पहिलीने अपेक्षेइतकं काम केलं नाही," असे ते म्हणाले, आणि मग कागद सारखे करत बसले.

या घरोघरच्या भेटींच्या आधीच मी सदरासाठी ताईवर लेख दिला होता. संपादिकेला तोच हवा होता.

"लिही गं," ताई म्हणाली होती, "पण तो दवाखाना नको त्यात. तुम्ही लोक आजार बाईच्या गळ्यात पाटीसारखा बांधता. जन्मभर नद्या काढल्या मी, आणि लोक वाचणार काय, तर माझ्या उलट्या?"

"संपादिका ऐकायची नाही, ताई."

"मग तिच्यावर लिही. तिला काय होतंय ते तरी कळेल."

मी दवाखाना ठेवला होता. धंद्याची सवय. धाकटी बहीणही लेखात आली होती, पण फक्त त्या भागात, खाटेशेजारच्या स्टुलावर.

अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी दुपारी संपादिकेचा फोन आला.

"जाहिरात आली आहे. अर्धं पान. तीनशे शब्द उडवायचेत, पाचच्या आत. मीच उडवते, नकाशांचं कोण वाचतंय?"

"तुम्ही हात लावू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मी उडवते."

"अहो, एवढं काय त्यात? अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय, काटछाट स्वतःहून मागताय."

मी टेबलाशी बसले. दवाखान्याचा भाग मोजला. दोनशे ब्याण्णव शब्द.

मी अंधश्रद्धेवर तीन लेख लिहिले आहेत, तिन्ही तुच्छतेने ओतप्रोत. त्या दुपारी मी त्या तिन्हींची लेखिका होते आणि तरीही दवाखान्याचे शब्द पुन्हा मोजत होते. समजा, काहीच झाले नाही, तर ताईची इच्छा पाळल्याचे पुण्य. आणि समजा, झाले, तर तिच्या रक्तातून ते निघून जाईल, जसा एका बाईच्या घरातून नवरा गेला. सोबत स्टुलावरची बहीणही जाईल. हे मला दिसत होते. मी ते दोनदा वाचले. अकरा वर्षांच्या अबोल्याचा मला सराव होता. ताई जिवंत असेल तर उरलेलाही जमला असता.

काटछाट केली की दोन टोके सांधावी लागतात. नाहीतर वाचक ठेचकाळतो. निवृत्तीचा परिच्छेद आणि खिडकीतल्या बागेचा परिच्छेद यांच्यामध्ये मी एक वाक्य घातले: 'मी आयुष्यात कधी आजारी पडले नाही.'

पाचला तीन मिनिटे कमी असताना लेख पाठवला. संपादिकेला तो वाचायलाही वेळ उरला नव्हता.

गुरुवारी सकाळी अंक बाजारात आला. त्याच सकाळी ताईला औषध चढवायचे होते. तिला न्यायला मी बाराच्या सुमारास दवाखान्यात पोचले. खाट रिकामी होती. चादरीवर तिच्या अंगाचा खळगा अजून तसाच. उभ्या दांडीला अर्धी बाटली टांगलेली होती आणि मोकळ्या नळीतून औषध फरशीवर ठिबकत होते.

परिचारिका धावत आली. "तुम्ही त्यांच्या बहीण ना? अहो, त्या उठून चालायला लागल्या. मी हाका मारल्या, वळूनसुद्धा पाहिलं नाही. जिन्यात मी समोर उभी राहिले तर बाजूने निघून गेल्या, जसं काही मी खांबच आहे! नळी उपसलीये, पण सुई हातातच आहे हो त्यांच्या."

ताईचे घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर. मी किती मिनिटांत पोचले ते सांगता येणार नाही.

दार तिनेच उघडले. गालांवर रंग होता. पाठ ताठ होती. महिनोन्‌महिने मी तिला असे उभे राहिलेले पाहिले नव्हते.

"या ना," ती म्हणाली. "आपण मासिकाकडून आलात?"

लहानपणापासून ती मला 'अगं', 'शहाणे' आणि 'माकडतोंडे' म्हणत आली. नंतर अकरा वर्षे काहीच म्हणाली नाही. 'आपण' तिने मला कधी म्हटले नव्हते. मी तयारीनिशी आले होते, आणि तयारीचा उपयोग शून्य असतो हे उंबरठ्यावरच कळले.

"प्रकृती कशी आहे आपली?" मी विचारले.

"ठणठणीत. मी आयुष्यात कधी आजारी पडले नाही."

माझेच वाक्य. घाईत घातलेले, जरा सपाट. ते ऐकून मला जो आनंद झाला तसा कुठल्याही चांगल्या वाक्याने आजवर दिलेला नाही. मी खुर्चीत बसले. तेवढी दोन-तीन मिनिटे मी सुखी होते, हे इथे नोंदवून ठेवते.

ती चहा घेऊन आली. किटली उचलताना हाताची पाठ माझ्याकडे झाली. चिकटपट्टी एका बाजूने उसवलेली. सुईचे प्लास्टिकचे बूड कातडीतून वर आलेले. त्याला बूच नव्हते.

"हात दाखव," मी म्हणाले.

तिने हात मागे घेतला. "अहो बाई, हे काय करताय?"

"ताई, सुई आहे तुझ्या हातात. रक्त जातंय."

तिने आपल्या हाताकडे पाहिले. दोन्ही बाजूंनी, नीट, नकाशा तपासावा तसे. मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत सौजन्य होते, दुसरे काही नव्हते.

टेबलावर तिचा फोन वाजू लागला. तो तिच्या कोपराशी थरथरत बशीला आपटत होता. तिने साखरेचा चमचा पुसला. मीच फोन उचलला.

"सापडल्या का?" परिचारिका. "लगेच घेऊन या. सकाळच्या तपासणीचे आकडे आलेत. डॉक्टर म्हणतात, मागच्या वेळेपेक्षाही—"

"कुणाशी बोलताय?" ताईने विचारले.

"ताई, ऊठ. आपल्याला जायचंय."

"बसा हो. दमलेल्या दिसता." ती माझ्या समोर बसली, हात टेबलावर ठेवला, आणि बोलू लागली. "माझ्या हाताखालून एकही नदी चुकीची वाहिली नाही."

लेखाचे पहिले वाक्य.

मी तिचे मनगट धरले. तिने ते हळूच सोडवून घेतले आणि पुढे बोलत राहिली. मी ओरडले. तिने माझे ओरडणे संपण्याची वाट पाहिली, जशी खिडकीबाहेरून गाडी जाईपर्यंत आपण पाहतो, आणि पुढचे वाक्य घेतले.

एक थेंब टेबलक्लॉथवर पडला. मग दुसरा.

परिच्छेद संपला तशी ती थांबली, श्वास घेतला. तेव्हा तिला डाग दिसला. तिने त्यावर बोट टेकवले, बोट उजेडात धरले, मग मान वर करून बराच वेळ छताकडे पाहिले.

"कुणाला तरी बोलावून दाखवायला हवं," ती म्हणाली. "कुठून तरी गळतंय."

ती आत गेली, एक रिकामी वाटी घेऊन आली, ती बरोबर त्या डागावर ठेवली, आणि वाटीवर हात टेकवून दुसऱ्या परिच्छेदाला सुरुवात केली.