बाळ खोलीत असताना

"तुला द्यायची नाहीये ना ताई, मग सरळ तसं सांग. शरीराच्या आड लपू नकोस."

एवढं बोलून बाळने ताट पुढे सारलं आणि तो उठला. उठताना त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला, आणि इतकं ऐकूनही ताईचा हात आपसूक त्याच्या कोपराकडे गेला, तर त्याने तो झटकून टाकला. भावजय मान खाली घालून ताटातले घास इकडचे तिकडे करत राहिली. ज्याच्यासाठी जन्मभर खस्ता खाल्ल्या त्याच्याच तोंडून ताईला हे ऐकावं लागलं! तिने पानातलं संपवलं, कारण अन्न टाकायची तिला सवय नव्हती, ताटं विसळली, आणि रोजच्यासारखी लाँड्रीत निघून गेली.

बाळ म्हणजे काही कुक्कुलं बाळ नव्हे. चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस मोजता येतील असा, शाळेत गणित शिकवणारा आणि वर्गात ज्याला पोरं चळाचळा कापत असा हा गृहस्थ. पण घरात त्याला जन्मल्यापासून बाळ म्हणत आले ते म्हणतच राहिले. त्याची दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू कामातून गेली होती. एक दिवसाआड यंत्राला जोडून रक्त गाळून घ्यावं लागे, आणि घरी आला की तो पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखा पलंगावर पडून राही. भावजयीची किडनी त्याला चालणारी नव्हती. ताईची चालत होती. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं तेव्हा ताई क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, दोन आहेत, त्यातली एक त्याचीच असणार, चुकून माझ्याकडे राहिली.

ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. वडील अंथरुणाला खिळले तेव्हापासून घरची लाँड्री तिच्याच अंगावर होती. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे अंगरखे, गठ्ठेच्या गठ्ठे. तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याबद्दल ती बोलत नसे, आणि पुढे लोकही विचारायचे थांबले. बाळचं शिक्षण, बाळची नोकरी, बाळचं लग्न, सगळं त्या वाफेतून निघालं. बॉयलरशेजारच्या त्या खोलीत नवीन माणसाला तासाभरात भोवळ येई. ताई मात्र दिवसभर वाफेच्या इस्त्रीपाशी उभी असे, घाम पुशी, पाणी पिई, आणि संध्याकाळी तशीच टवटवीत घरी येई. अशी ही बाई आजारी पडते यावर कोण विश्वास ठेवणार?

पण झालं होतं ते असं. किडनी घेण्याआधी देणाऱ्याचा रक्तदाब ठीक लागतो, आणि ताईचा दर खेपेला चढलेला निघे. थोडाथोडका नव्हे, नर्सने डोळे विस्फारावेत इतका! घरात भावजयीने तिच्या जेवणातलं मीठ बंद केलं, लोणची-पापड कुलपात गेले, तरी पुढच्या खेपेला आकडा तिथेच. त्यात भर म्हणून मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी ठरली, त्या सकाळी बाळ सोबत निघायला तिच्याजवळ येऊन बसला आणि ताईला सणकून ताप भरला. तपासणी पुढे ढकलली. ताप दुपारी आपोआप उतरला. पुढच्या तारखेला पुन्हा तोच प्रकार. भावजयीने तापाची गोळी स्वतः ताईच्या जिभेवर ठेवली, गिळेपर्यंत समोर बसून राहिली, तरी अंग काही निवेना. मग मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. ती वाईट नव्हती हो. नवरा डोळ्यांदेखत सुकत चाललेल्या बाईचं मन थाऱ्यावर नसतं. तिने आडून आडून विचारलं, ताई, काखेत कांदा वगैरे ठेवत नाही ना तुम्ही, शाळा बुडवायला मुलं ठेवतात तसा? ताई आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की हे थट्टेत विचारलेलं नाही.

सगळ्यात वाईट हे, की ताईला स्वतःचाच संशय येऊ लागला होता. तोंडाने हो म्हणते आणि आतून मी भित्री आहे का?... इतक्या वर्षांची माया, ती काय नुसती बोलायची होती?... ती आरशासमोर उभी राही आणि त्या ओळखीच्या देहाकडे परक्यासारखी पाहत राही. कापू द्यायला ती तयार होती, मरायचीसुद्धा तिला पर्वा नव्हती, आणि तिचंच रक्त तिच्याविरुद्ध साक्ष देत होतं. इकडे दर महिन्याला बाळ थोडा थोडा ओसरत होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगून टाकलं होतं की रक्तदाब असाच राहिला तर ताईचं नाव काढून टाकावं लागेल, आणि दुसरं नाव कुठून आणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताटावरच्या त्या भांडणानंतर ताई पुढच्या तपासणीला एकटीच गेली. या घरात असं कधी झालं नव्हतं. कुणीही डॉक्टरकडे एकट्याने जायचं नाही, सोबत घरचं माणूस हवं, आणि तपासणी चालू असेतो त्याने हात धरून बसायचं, अशी आईने घालून दिलेली रीत होती. ताईच्या प्रत्येक तपासणीला बाळ स्वतः येऊन बसे, यंत्रातून नुकता सुटलेला असला तरी. आज ती त्याला न सांगता निघाली, कारण तिला डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायचं होतं. आकडा काही येऊ दे, मी काय ती सही करते, तुम्ही माझी किडनी काढून घ्या, असं ती वाटेत घोकत होती.

नर्सने दंडाला पट्टा बांधला, यंत्र घुरघुरलं, आणि आकडा आला तो एखाद्या तरण्याताठ्या मुलीचा असावा तसा. नर्सने यंत्राला चापटी मारली. दुसरं यंत्र आणलं. तोच आकडा. तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं, त्यांनी जुनी कागदपत्रं चाळली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, आज वेगळं काय केलंत? ताई म्हणाली, काही नाही, भाऊ रुसलाय, म्हणून एकटी आले.

तेवढ्यात दारात बाळ उभा. खालच्या मजल्यावर त्याचं रक्त गाळणं आत्ताच संपलं होतं, आणि ताई वर आल्याचं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. चेहरा घुश्शातच होता, पण रीत ती रीत. खुर्ची ओढून तो बसला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं बटण दाबलं.

आकडा चढला. तो चढताना चौघांनीही पाहिला. मिनिटभराने पुन्हा मोजला तर आणखी वर. ताईच्या कपाळावर घाम, गाल लाल, आणि बोटं मात्र बर्फासारखी गार पडलेली.

डॉक्टरीणबाई शांतपणे सांगू लागल्या. मेंदूच्या बुडाशी बदामाएवढी एक जागा असते. अंगाचं तापमान, रक्ताचा दाब, सगळ्याची राखण तिच्याकडे. बाहेर भट्टी पेटली तर ती कातडीच्या रक्तवाहिन्या सैल सोडते, घाम आणते, आतली ऊब जागच्या जागी राखते. म्हणून तर तुम्हाला लाँड्री बाधत नाही. पण माणसाला धोका वाटला की हीच जागा उलटा हुकूम सोडते. हृदय धावायला लागतं, रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी रक्तात जोर ओततात, आणि पळायची तयारी म्हणून अंगही तापतं. जंतूंच्या तापात शरीर एक रसायन बनवतं, गोळी ते थांबवते; या तापात ते रसायन नसतंच, मग गोळी बिचारी थांबवणार काय? यात कुणी सोंग करत नाही आणि मनाला बजावून ते आवरतही नाही.

"पण कसला धोका?" बाळ म्हणाला. "मी तर तिच्याजवळ बसलोय."

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताई बोलू लागली, भावाकडे न पाहता.

"तू दोन वर्षांचा होतास. आई कपडे पोचवायला गेलेली. तुला ताप होता, आणि मी हात धरून बसले होते. एकदम तुझे डोळे फिरले. हात लाकडासारखा ताठ झाला, माझ्या हातात... मला वाटलं, गेला. आई आली तोवर तू रडायला लागला होतास. ती म्हणाली, बरं केलंस, हात सोडला नाहीस." ती थांबली. "आता तू इथे बसतोस, तुझा हात असा गार, सुजलेला. मला कापण्याची भीती नाही रे बाळ. तुझा हात धरला की मला वाटतं, आत्ता जाईल. आत्ता माझ्या हातातून जाईल."

दुसऱ्यांची गणितं तपासण्यात ज्याची हयात गेली त्या बाळला आपण काय मांडलं होतं ते आता दिसलं. जिला आपण स्वार्थी ठरवलं तिचं सर्वांग आपल्याच जिवासाठी पेटून उठत होतं, आणि आपण मायेने म्हणून दरवेळी तिथे जाऊन बसलो, तेच तिला भोवत होतं! त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिला जवळ घ्यावं, पाय धरावेत, असं त्याला फार वाटलं. पण तो उठला, तिचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला आणि खोलीबाहेर निघून गेला. दार लागलं. थोड्या वेळाने आकडा उतरला.

पुढे एक दिवसभर डॉक्टरीणबाईंनी यंत्र ताईच्या दंडाला बांधूनच ठेवलं. वाफेच्या इस्त्रीपाशी उभी असतानासुद्धा दाब जिथे असावा तिथेच राहिला. ताईचं नाव पक्कं झालं. राहिलेली तपासणीही झाली. त्या सकाळी बाळ घरातच नव्हता, आणि तापही नव्हता. शस्त्रक्रियेपर्यंत तो सासुरवाडीला जाऊन राहिला, आणि जावई इतके दिवस मुक्कामाला आला म्हणून सासूबाईंचाच रक्तदाब वाढल्याचं घरात हसून सांगितलं गेलं. भावजय एका दुपारी लाँड्रीत आली. चादरीचं दुसरं टोक धरून ताईबरोबर घड्या घालू लागली, आणि गठ्ठा संपत आला तेव्हा म्हणाली, "ताई, मी फार वाईट बोलले तुम्हाला." ताई म्हणाली, तुझ्या जागी मी असते तर काखच तपासली असती. दोघी हसल्या, आणि हसता हसता भावजय रडली.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोघांना दोन वेगळ्या दारांनी नेलं. बाळने निरोपसुद्धा पाठवला नाही, आणि तो का पाठवला नाही हे ताईला कळलं. भूल देण्याआधी तिचा दाब मोजला, तो ठीक भरला, आणि तिची एक किडनी त्या दिवशी तिच्या भावाची झाली.

बाळला चालायची परवानगी मिळाली तेव्हा तो भिंतीला धरून धरून तिच्या खोलीत आला. चेहऱ्यावर रंग होता. किती वर्षांनी होता! ताई उशीला टेकून बसली होती. भावाने तिच्या टाक्यांची चौकशी केली आणि तिने त्याच्या. तेवढ्यात नर्स यंत्र घेऊन आली. तिला पाहताच बाळ लगबगीने उठला आणि दाराकडे वळला.

"कुठे निघालास?" ताई म्हणाली.

"मोजून होऊ दे. मी बाहेर थांबतो."

"बस इथे."

नर्स म्हणाली, वाढेल हं ताई, मला लिहावं लागेल.

"वाढला तर वाढला," ताई म्हणाली. "द्यायचं होतं ते दिलंय मी. आता माझा भाऊ माझ्यापाशी बसेल."

बाळ परत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. नर्सने पट्टा बांधला. आकडा वाढलाच, थोडासा, आणि नर्सने तो लिहून घेतला.