ढोल थांबला की…

जाळीखाली मेंढ्या मरत होत्या. शेळ्या मरत नव्हत्या.

गोष्ट एवढी साधी होती, पण वाडीतल्या एकाही मोठ्या माणसाच्या डोक्यात ती शिरली नव्हती. डोकी रागानं गच्च भरली की साध्या गोष्टीला आत जागा मिळत नाही. राग खोटा होता असं मात्र कुणी समजू नये.

धनगरांची ती वाडी उघड्या माळावर होती. माळावर खांब रोवून, माणसाच्या तिप्पट उंचीवर, तांब्याच्या तारांची एक जाळी ताणलेली होती. नजर पोचेल तिथपर्यंत जाळीच. आकाशातून त्या जाळीवर वीज उतरायची, मोठमोठ्या मनोऱ्यांवरून शहराकडे जायची. वाडीत मात्र रॉकेलची चिमणी. वीज दारात यायची आणि पाणीसुद्धा न पिता पुढं निघून जायची. जाळी बांधताना कंपनीचे साहेब म्हणाले होते, "जाळीखाली गवत वाढेल, तुमची जनावरं चरतील." गवत वाढलं. जनावरं चरली. आणि या वर्षी मेंढ्या पटापट मरायला लागल्या.

त्या दिवशी अकरा वर्षांच्या बानूची लाडकी मेंढी कवडी खाली बसली ती उठेना. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालेलं, लघवी लालभडक.

"बघ मायाप्पा," सिद्दूकाका बानूच्या वडलांना, आबांना, म्हणाला, "जाळीच्या किरणांनी रगात उकळतंय मेंढराचं. अजून काय पुरावा पायजे?"

आबांनी कवडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी समदी कातरी घिऊन जाऊ. जाळी कापायची."

पुढं काय होणार ते बानूला ठाऊक होतं. शेजारच्या वाडीनं जाळी कापली होती. पोलिसांनी तिथले सगळे बाप्ये नेले आणि कंपनीनं माळाला कुंपण घातलं. त्या वाडीत आता एक मेंढरू नाही. आबा गेले आणि गवतही गेलं, तर उरायचं काय?

"आबा, किरणांनी मरत्यात तर शेरडं कशी मरंनात? ती बी तिथंच चरत्यात की."

"शेरडं?" सिद्दूकाका म्हणाला, "त्यास्नी यमबी भितो! न्यायला आला तर त्याचंच धोतर खातील." माणसं हसली. पण ते हसणं फार टिकलं नाही.

"तू कवडीला पाणी पाज जा," आबा म्हणाले.

बानूनं पाणी पाजलं आणि ती तडक जाळीकडे गेली. जाळीवरून एक आठ पायांचं यंत्र दिवसभर फिरायचं. पाखरांची घरटी उचलायचं, खराब तारा कापायचं. पोरं त्याला खेकड्या म्हणायची. ते बोलायचं, पण त्याच्याशी बोलायला कधी कुणी गेलं नव्हतं.

"ए खेकड्या! तुझी किरणं मेंढरं मारत्यात का?"

वरची खरखर थांबली. "कोण बोलतंय? मला खाली दिसत नाही. माझे डोळे फक्त जाळीच्या वरच्या बाजूला बघतात."

"मी बानू. आधी मला सांग, वर हाय काय?"

"वर एक वीजघर आहे," खेकड्या म्हणाला. "भूस्थिर कक्षेत (पृथ्वीच्या फिरण्याबरोबर फिरणारी वाट, तिथली वस्तू आपल्याला आकाशात एकाच जागी थांबलेली दिसते). तिथं ढग नाहीत, पावसाळा नाही. वर्षातल्या काही रात्री थोडा वेळ पृथ्वीची सावली पडते, तेवढी सोडली तर सदा ऊन. त्या उन्हाची तिथं वीज होते."

"मग ती खाली कशी येती? एवढी लांब तार कुठली?"

"तार नाही. विजेच्या सूक्ष्मलहरी करतात (डोळ्यांना न दिसणाऱ्या लाटा). त्यांना ढग फारसे अडवत नाहीत. ही जाळी त्या पकडते."

"जाळीला तर बोट जाईल एवढी भोकं हायती! ऊन येतंय, पाऊस येतोय. मग लाटाच कशा अडकत्यात?"

"चांगलं विचारलंस. तुझी वीत पसर. त्याच्या निम्मी केलीस की या लाटेची लांबी झाली. एवढी मोठी लाट बोटभर भोकातून जात नाही. उन्हाच्या लाटा इतक्या बारीक असतात की केसाच्या जाडीत शंभराहून जास्त मावतात. त्या निवांत खाली येतात, म्हणून तर गवत वाढतं. लाटा अडतात तिथं करंगळीएवढ्या तांब्याच्या तारा आहेत. लाट आली की त्यांत वीज मागेपुढे हेलकावते. प्रत्येक तारेला एकदिशा झडप आहे (विजेला पुढे जाऊ देणारी, मागे येऊ न देणारी). त्यामुळे हेलकावे मोडतात आणि सरळ वाहणारी वीज मिळते."

"आनि लाटा चुकून आमच्या अंगावर आल्या तर?"

"जाळीवर चढू नकोस. पाणी या लाटा पिऊन घेतं, आणि अंगात पाणी असतं. फार वेळ थांबलीस तर अंग तापेल. पण दुपारच्या उन्हात जितकी ताकद असते, त्याच्या चौथाईसुद्धा यांच्यात नाही. जाळीखाली तर जवळजवळ काहीच येत नाही. शिवाय लाटा भरकटत नाहीत. वर हजारो छोटे प्रेषक आहेत (लाटा सोडणारी यंत्रं). सगळ्यांनी एका ठेक्यात लाट सोडली तरच ती एका जागी जमते. तो ठेका जाळीच्या कडेच्या पांढऱ्या घुमटातून वर जातो. घुमट गप्प झाला की ठेका चुकतो, लाटा पांगतात आणि त्यांचा जोर जातो."

बानूला एकदम देवाच्या यात्रेतला गजी नाच आठवला. शंभर माणसं, पण पाऊल एक. कारण ढोल एक. "म्हंजी ढोल थांबला की गजी मोडतो!"

"गजी म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण तू म्हणतेस तसंच."

"मग मेंढरं कशानं मरत्यात?"

खेकड्या उत्तर शोधत पुन्हा चालू लागला. कामही चालूच होतं. करकच्! एक जळकी तार त्यानं कापली. करंगळीपेक्षा लहान तुकडे टपटप गवतात पडले. बानूनं एक उचलला. गवत फाकवून पाहिलं, तर मुळापाशी तुकडेच तुकडे. काही हिरवे पडलेले.

"हे तू टाकतूस?"

"हो. आधी माझ्या पोटाखाली टोपली होती. ती भरली की खाली उतरून रिकामी करावी लागे, त्यात वेळ जाई. या वर्षी कंपनीनं ती काढून टाकली."

"मेंढरानं तांबं खाल्लं तर?"

आता मात्र खेकड्या थबकला. "मेंढीला जादा तांबं बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात साठत जातं (पोटातला विष गाळणारा अवयव). बरेच दिवस काही कळत नाही. मग एके दिवशी ते रक्तात फुटतं. डोळे पिवळे, लघवी लाल. शेळीला तांबं पुष्कळ सोसतं."

शिवाय शेळी मान वर करून झुडपं ओरबाडते. मेंढी जमिनीला नाक लावून मुळाशी खाते. हे बानूला कुणी सांगायची गरज नव्हती.

"आधी का न्हाई सांगितलंस रं?"

"खाली मेंढ्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

बानू रडतच घरी पोचली. कवडी गेली होती. आबा खड्डा खणत होते.

या वाडीची एक रीत होती. कोपानं मेलेलं जनावर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, जसंच्या तसं पुरायचं. किरणांचा कोप म्हणून या वर्षीची सगळी मेंढरं अशीच मातीत गेली होती. म्हणून पोटात काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं.

"आबा, हिला फाडा."

"खुळी का काय तू? तुझीच मेंढी ना ही?"

"माजीच हाय म्हणून सांगते. कोप न्हाई ह्यो. कोप असता तर शेरडांवर बी झाला असता." तिनं मूठ उघडली. हिरवे-तांबडे तुकडे.

आबांनी तिच्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि सुरी मागवली. फुटलेलं रक्त साचून मूत्रपिंडं शाईसारखी काळी झालेली निघाली. जठराच्या घड्यांत तांब्याचे तुकडे रुतलेले होते. सिद्दूकाका खाली बसला. त्यानं स्वतःच्या किती मेंढ्या न बघता पुरल्या होत्या, हे त्याला कुणी विचारलं नाही.

"आता तर कापतोच जाळी!" तो ओरडला.

"कापायची न्हाई, काका," बानू म्हणाली. "ढोल थांबवायचा."

सकाळी वाडीनं कातरी घरी ठेवल्या आणि घोंगड्या आणल्या. ओढ्यात बुडवून पाणी निथळणाऱ्या घोंगड्या कडेच्या घुमटावर एकावर एक घातल्या. पाणी लाटा पितं. ठेका वर जाईना. वरच्या लाटा पांगल्या. एक तारही तुटली नाही, कुणाचा केसही वाकडा झाला नाही. फक्त शहर बंद पडलं.

इतके दिवस अर्ज करून न आलेले साहेब दुपारच्या आत आले.

"तुम्हाला कळतंय का, किती मोठं नुकसान झालंय?" साहेब ओरडले.

आबांनी मूत्रपिंडं आणि तांब्याचे तुकडे ठेवलेली परात त्यांच्या पुढ्यात सरकवली. "आमचं बी झालंय. बसा. आधी हे बघा."

साहेब बसले नाहीत, पण त्यांनी पाहिलं. घोंगड्या उतरल्या त्या टोपली परत लावायचा शब्द घेऊनच. वाडीला वीज द्यायचाही शब्द दिला. तिचा खांब आला आहे, दिवा अजून यायचा आहे. मेलेल्या मेंढ्या तर कुणीच परत देणार नव्हतं. निम्मी मेंढरं संपली होती, आणि उरलेल्यांतल्याही काहींच्या यकृतात तांबं बसलेलंच होतं.

काही दिवसांनी खेकड्या पुन्हा फिरू लागला. पोटाखाली टोपली आणि टोपलीशेजारी एक नवा डोळा. गवतातले जुने तुकडे वेचून होईपर्यंत मेंढ्या जाळीबाहेरच होत्या. पोरं ओळीनं वाकून वेचत होती.

"खेकड्या, आता काय दिसतंय?"

"गवत. मुलं. तू. तू माझ्या अंदाजापेक्षा लहान आहेस."

"आनि त्या बाभळीपाशी?"

"उकरलेली माती. बरीच. तिथं काय आहे?"

बानूनं सांगितलं. कवडी कशी होती तेही सांगितलं. खेकड्या ऐकत उभा राहिला. आठही पाय थांबलेले.

"मोठी झाली की मीबी बांधणार हाय असली जाळी," शेवटी ती म्हणाली. "ऊन समद्यांचं हाय, वीज बी समद्यांना मिळंल. पर तिला खाली बघायचं डोळं आधी लावीन, मग तारा."

"ते मी लक्षात ठेवतो."

"ठेव. आता चल हळू. टोपली सांडू नको."