कानाशी धरलेली कात्री

“डोळे मिट, कात्री कानाशी धर, आणि ऐकू येईल तेच सांग,” ताईने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. ज्या कात्रीची पाती हळू मिटताना मुळापासून टोकापर्यंत एकच लांब श्वास सोडतात, ती चांगली. मध्येच खरखरली, की परत धार लावायला. ताई पॉलिशच्या चाकावर, मी तपासणीच्या बाकावर. कारखान्यातल्या साठ बायका मला ‘कानवाली’ म्हणत.

तो आला तेव्हा सकाळ होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी डोळे उघडले, तर समोर एक उंच माणूस, हातात वही.

“ही का बाजूला टाकलीत?”

मी नुसतं पाहिलं. त्याच्या पापण्यांवर थेंब होते.

“यांना ऐकू येत नाही का?”

ताई हसली. “साहेब, तिला नको तेवढं ऐकू येतं. बारापर्यंत मौन असतं तिचं, रोजचं. घरात तेवढीच शांतता.”

“मग बाराला येतो,” तो म्हणाला.

आला बारा वाजून पाच मिनिटांनी.

“उशीर झाला,” मी म्हटलं.

“पहिले शब्द देवाचे असतील... त्यात आपण कशाला घुसायचं?”

मी मान खाली घातली. पण हसले ते त्याने पाहिलंच.

बाहेरच्या देशातून येणाऱ्या कात्र्यांवर सरकारचं भारी आयात शुल्क होतं, म्हणून आमच्या खपत. ते शुल्क ठेवायचं की काढायचं, याची चौकशी त्याच्याकडे होती. सहा दिवस तो रोज दुपारी माझ्या बाकाशी बसला.

“शुल्क काढलंत, तर आम्ही काय करायचं?” मी विचारलं.

“माझी आई शिवणकाम करायची,” तो म्हणाला. “तुमचीच कात्री. दुसरी परवडायची नाही. अंगठ्याला कायमचा घट्टा. तिने काय करायचं होतं?”

मी पुढची कात्री कानाशी धरली. तो उठला, तेव्हा मी एवढंच म्हटलं, “उद्या छत्री आणा. वही भिजते.”

“फक्त वहीची काळजी?”

“सध्या तरी... वहीचीच.”

सातव्या दिवशी त्याने बारा कात्र्या आणल्या. मुठी फडक्यात गुंडाळलेल्या, कोणत्या कारखान्याची ती खूण दिसू नये म्हणून. मी पाच चांगल्या काढल्या. त्याने फडकी सोडली.

पाचातल्या चार बाहेरच्या देशातल्या होत्या.

वीस वर्षं स्पर्धाच नव्हती. मालकांनी हळूहळू हलकं पोलाद घ्यायला सुरुवात केली होती, आणि मी रोज तेच ऐकत गेल्याने माझ्या कानाला ते सवयीचं झालं होतं. चांगली कात्री शेजारी आली, तेव्हा कळलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही.” त्याचा चेहरा उतरला होता. “मला तुमच्या बाजूने लिहायचं होतं... वहीतलं हे पान फाडू?”

“नको.”

“मग शुल्काच्या सुनावणीत तुम्हालाच सांगावं लागेल. नाहीतर मालक म्हणतील, मी आयात करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माणूस.”

“येईन. शब्द देते.”

मालकांनी तेच केलं. चाचणी झालीच नाही, साहेबाने पैसे खाल्ले, अशी तक्रार गेली. साठ बायकांना सही करायला लावली. ताईनेही केली. भावोजींची छाती चाकावरच्या धुळीने गेलेली, घर तिच्या एकटीच्या हातावर.

“त्याच्यासाठी चाललीस ना?” तिने विचारलं.

“त्याच्यासाठीही.”

“आणि आम्ही?”

“मी सांगेन ना — दोन वर्षं शुल्क ठेवा, पण मालकांना चांगलं पोलाद घ्यायची अट घाला.”

“ऐकतील?”

“नाही ऐकणार बहुतेक.”

“छान. म्हणजे लग्नात आहेर म्हणून कुलूप मिळेल, कारखान्याचं.” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्याची चिठ्ठी आली.

‘येऊ नका. मी राजीनामा देतो, म्हणजे ते पान आपोआप खोटं ठरेल. कारखाना निदान काही दिवस तगेल. तुमच्या ताईंना तुम्ही हव्या आहात. मला तुम्ही त्याहून जास्त हव्या आहात, म्हणूनच सांगतो, येऊ नका. शब्दातून मोकळं केलं.’

मी ती चार वेळा वाचली. देवापुढे ठेवली, पुन्हा उचलली. त्याने मला मोकळं केलं होतं... मी झाले नव्हते. त्याच्या नावावर खोटं चिकटवून मिळालेली भाकरी ताईच्या ताटात कशी वाढणार होते मी?

सुनावणी दुपारी दोनला शहरात होती, मौन बाराला सुटणार होतं. पहाटे दिवा लावला. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती, जागी. तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, भावोजींचं औषध काढून ठेवलं. मग चपला हातात घेतल्या, आवाज न करता कडी काढली, आणि पावसातून बसथांब्याकडे चालू लागले.