मनोऱ्यावरून आलेली ओळ

या, जवळ सरका. शेगडीपाशी जागा आहे.

सांगते ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. देवाला साक्षी ठेवून सांगते, एक शब्द पदरचा नाही.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. केंटकीतला आमचा डोंगर, टर्की नॉब. रात्रसुद्धा झाली नव्हती. नुसती संध्याकाळ.

डोंगराच्या माथ्यावर वणव्याचा मनोरा आहे. लोखंडी पाय, उंच जिना, वर काचेची खोली. पानगळीत जंगल वाळलं की माझा बाप एमिट त्या खोलीत बसून धुरावर नजर ठेवायचा.

चर्चमध्ये भजनाची ओळ सांगण्याचा मान बापाचाच. आमच्याकडे पेटी नाही, बाजा नाही. उपदेशकसुद्धा उपदेश गाऊनच करतो. सूर असा चढत जातो की दगडालाही रडू यावं. भजनाला एकजण ओळ सांगतो, बाकीचे ती लांब ओढून गातात, मगच तो पुढची देतो. सांगितलेली ओळ आमच्यात कुणी लोंबकळत ठेवत नाही. अंगावरचं पोरसुद्धा जमेल तशी ओढतं.

रोज दिवस मावळताना बाप मनोऱ्यावरून ओळ सांगायचा. खाली घळीत आमचं घर. आई अंगणात उभी राहून ती ओढायची. मग वरून दुसरी यायची.

म्हणजे सगळं ठीक.

फार वर्षांपूर्वी एका पानगळीत वणवा पेटला. त्या संध्याकाळी धुरातून ओळ आली...

"दिवस कलला, वाट सरली..."

आईनं ओढली.

दुसरी ओळ आलीच नाही.

बापाचं काहीही सापडलं नाही. त्याची कबर रिकामी आहे. ते भजन आमच्या घरात पुन्हा कुणी गायलं नाही.

आता माझ्या थोरल्या भावाचं, आर्व्हिलचं सांगते. जन्म कोळशाच्या खाणीत गेला, ती काळी धूळ छातीत बसली. चर्चमध्ये आधी त्याचा खोकला यायचा, मग तो. डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघणार नाही.

"ओलेटा, मला मनोऱ्यावर घेऊन चल," तो म्हणाला.

"दादा, दारातून चुलीपर्यंत येताना तुला धाप लागते!"

"म्हणून तर तुला नेतोय. खेचरासारखी दणकट आहेस, पडलो तर उचलशील."

"आणि तू खेचरासारखा हट्टी."

तो हसला, हसता हसता खोकला. मग हळूच म्हणाला, "बापाचं भजन अर्धं राहिलंय गं. पुरं करून येतो. त्याला झोप लागेल. मलाही."

मला एवढंच हवं होतं, की दादानं घरच्या खाटेवर डोळे मिटावेत आणि आईशेजारी मातीत जावं. अजून एक रिकामी कबर नको. म्हटलं, मन मोडू नये याचं. निघालो.

वाट पानांनी भरलेली. दादा चार पावलं चालायचा, खोकायचा, बसायचा. मी फडक्यातला मक्याचा पाव काढला की म्हणायचा, "खायला घालून मारणार का मला?"

माथा जवळ आला तेव्हा लक्षात आलं...

पायाखाली पानं होती, पण वाजत नव्हती.

खारी नाहीत. कावळा नाही. वारासुद्धा नाही.

आणि धुराचा वास. आभाळ मात्र स्वच्छ.

"दादा, परत फिरू या."

त्यानं ऐकलं नाही. मनोऱ्याच्या पायाशी उभा राहिला, टोपी काढली आणि बापाकडून राहिलेली ओळ सांगितली.

"दार उघडं, दिवा लावला..."

ओढायला मी तोंड उघडलं...

माझ्याआधी ती वरून कुणीतरी ओढली.

एकच आवाज. संथ, भरदार. चाळीस-एक वर्षांनी ऐकत होते, तरी ओळखला.

मग वरून पुढची ओळ आली.

"आत ये रे, आत ये..."

"दादा, ओढू नको!" मी त्याच्या तोंडावर हात धरला.

त्यानं माझा हात अलगद बाजूला केला. डोळे भरून आले होते. "बाप ओळ सांगतोय, ओलेटा. गप्प कसा बसू?"

आणि त्यानं ओढली.

ओढत ओढत जिना चढू लागला. वरून ओळ यायची, दादा ओढायचा आणि वर जायचा. मी मागून त्याचा कोट घट्ट धरला. हिसका नाही, झटापट नाही... कोट नुसता माझ्या हातात आला.

तेव्हा कळलं काय चुकतंय ते.

दादा खोकत नव्हता.

धाप नाही. आवाज तरण्या पोरासारखा.

वळणाआड गेला. गाणं ओळीच्या मध्येच थांबलं.

मी धावत वर गेले. जिना जिथे संपतो तिथे खोलीत शिरायचं झाकण होतं. खालून कुलूप. गंजून दगड झालेलं, वर्षानुवर्षं न उघडलेलं.

चारी बाजूंना नुसतं आभाळ.

मी खाली पाहिलं. पानांवर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माणसं कुत्रे घेऊन आली. कुत्रे शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि वर बघत विव्हळत बसले. ओढूनही खाली येईनात. कुलूप तोडलं. आत धूळ होती, फक्त धूळ.

आमच्या उपदेशकांनी, ब्रदर ऑर्बिननी, दादाच्या रिकाम्या शवपेटीपुढे उपदेश गायला. फार सुंदर गायले म्हणतात. गायलेल्या उपदेशावर जीव टाकणारी मी बाई. त्या दिवशी माझ्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

बापाच्या कबरीशेजारी आता दुसरी रिकामी कबर आहे.

पानं झडू लागली की संध्याकाळी डोंगरावरून ओळ येते...

"दिवस कलला, वाट सरली..."

आवाज दादाचा.

एकदाच सांगतो, मग थांबतो. वाट बघतो. कुणाची, ते मला ठाऊक आहे. या घळीत ओढणारी मी एकटीच उरलेय.

मी एप्रनचा बोळा तोंडात कोंबून बसते. प्रार्थना केली, अजूनही करते. ओळ यायची थांबत नाही.

काल बोळा काढला, तर माझे ओठ हलत होते.

तुम्ही देवापुढे बसाल तेव्हा माझ्या आर्व्हिलची आठवण ठेवा. चांगला माणूस होता हो.

पण मनातल्या मनात ठेवा.

गाऊ नका.