खालचा टेकू

गावाखालची खाण बंद होऊन बावीस वर्षं झाली, तिच्यात पाणी भरलं, घरांच्या भिंतींना तडे गेले, अर्धं गाव उठून गेलं; पण म्हाताऱ्याचा पाय काही घरातून निघेना. हट्टाला औषध नसतं! शेवटी मुलगा टेम्पो आणायला गेला, सून भांडी बांधायला लागली आणि म्हातारा तोंड फुगवून खाटेवर झोपलेल्या नातीजवळ बसला. भर दुपार होती.

तेवढ्यात जमिनीखालून आवाज आला. ठक्, ठक्, ठक्. मग जरा थांबून, दोन पावलं पुढे, पुन्हा तीनदा.

"उंदीर असतील," सून म्हणाली.

"उंदीर थांबून ऐकतात होय गं?"

म्हातारा फरशीकडे वाकला. तीस वर्षं त्यानं खाणीत हेच तर केलं होतं. काठीनं छत ठोकायचं नि कान द्यायचा. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर लाकडाचा टेकू लावायचा. आता त्याच्या घराची फरशी खालच्या कुणाचं तरी छत झाली होती.

ठोके दारापासून सरकत आले. सगळीकडे पोकळ. खाटेखाली तर फुटक्या मडक्यासारखा आवाज. मग तिथंच पाचर ठोकल्याचे घाव बसू लागले, घाईघाईनं. पुन्हा तीन ठोके. या वेळी भरीव.

सून पोरीला उचलून दाराकडे धावली. म्हाताऱ्यानं तिचा दंड धरला.

"दाराकडे नको... खाटेवर चढ."

"बाबा, वेड लागलंय का? सोडा!"

"पाया पडतो तुझ्या... चढ."

सासराच असं म्हणाला तेव्हा ती बिचारी रडत चढली. मागोमाग तोही चढला. आणि दार, चूल, भांड्यांची गाठोडी, सगळं आवाजही न होता खाली गडप झालं. खाटेपुरती फरशी तेवढी राहिली.

मुलानं येऊन आडव्या शिडीवरून तिघांना काढलं. मग सगळ्यांनी खाली पाहिलं. फरशीखाली एक टेकू उभा होता. लाकूड नुकतं तोडलेलं, साल हिरवीगार. खालचं टोक काळ्या पाण्यात कुठे जात होतं, ते दिसत नव्हतं. बघता बघता तो टेकू कुणीतरी सांभाळून, सरळ खाली ओढून घेतला. खाट गेली.

"बाबा... खाली कोण आहे?" मुलानं विचारलं.

म्हातारा कान देऊन उभा होता. शेजारच्या घराखाली ठोके सुरू झाले होते. आत माणसं जेवत होती, हसत होती. त्यापलीकडे आणखी सात घरं.

"बाहेर पडा!" म्हातारा अनवाणी धावत सुटला. "अरे पळा सगळे! त्याच्याकडे टेकू एकच आहे!"