एक मिलिमीटर जास्त

त्या सकाळी निपाणीच्या स्टँडवर माझी बस डोळ्यांदेखत सुटली. मी डबा सावरत उभी होते, तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. आमच्या गल्लीतल्या, बेळगावच्या बँकेत असलेल्या पद्मराज अण्णांनी काच खाली केली.

"ब्राह्मी, ये गं! हा वृषभ चौगुले. रोज जातोय बेळगावला, फौंड्रीत. मागं जागा हाय."

मी मागे बसले. पिशवीतून पत्र्याची डबी काढली, सुई ओवली आणि आदल्या दिवशीचं अर्धं काम पुढे शिवायला घेतलं. धुकं होतं. गाडी तवंदी घाट उतरली. मग आरशात वृषभचे दोन डोळे वर आले.

"मॅडम, चिंध्या शिवताय व्हय?"

"चिंध्या न्हाईत. वाकळ हाय ती," मी म्हटलं. "चिंधी फेकून देतात. हे तुकडे मी मापून कापलेत. दहा सेंटीमीटर म्हणजे दहाच."

"दहा म्हणजे दहाच?"

"मोजून बघा."

डोळे हसले... आणि परत रस्त्याकडे गेले.

मी बेळगावात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. दिवसभर ग्रॅमचे हजारावे भाग वाचायचे, आणि जाता-येता बसमध्ये शिवायचं. ही वाकळ माझ्या आईसाठी होती. आई, गुणाबाई, चौतीस वर्षं निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत पाला निवडत आली. पोत्यावर बसून. त्या पाल्यावरच माझी एम.एस्सी. झाली. फेब्रुवारीच्या अखेरीला तिचा तिथला शेवटचा दिवस होता. ती आणि तिच्या अकरा मैत्रिणी, बाराजणींच्या जुन्या साड्यांचे प्रत्येकी बारा चौकोन. नऊ-नऊ जोडून सोळा ठोकळे. शेवटच्या दिवशी आईनं पोत्यावर नाही, लेकीच्या हातच्या वाकळेवर बसून जेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बस चुकली नव्हती. तरी मी गाडीतूनच गेले.

हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. उसाचे दिवस, रस्ताभर ट्रॉल्या. बाकीच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे जायच्या. वृषभ मात्र ट्रॉलीच्या मागे, शांत.

"काय रं," एकदा अण्णा वैतागले, "आज पण ट्रॉलीच्या मागंच? बँक उघडून बंद व्हायची!"

"घाई कशाला, अण्णा? सुई हालती."

"सुई? तुझ्या गाडीत सुई कुठली?"

मी मान खाली घातली. त्या दिवशीचे टाके फार सरळ आले.

संध्याकाळी तो संकेश्वरच्या अलीकडे एका चिंचेखाली गाडी थांबवायचा. दिवस मावळायच्या आत जेवायचा जैनांचा नेम आमच्या दोघांच्याही घरी होता. बॉनेटवर दोन डबे उघडायचे. त्याची चटणी, माझी भाकरी. अण्णा दोन्हींतलं खायचे.

जानेवारीत माझ्या पुठ्ठ्याच्या फर्म्याचे कोपरे झिजले. हा फर्मा कापडावर ठेवून मी चौकोन आखायची. आठ ठोकळे झाले होते, आठ बाकी होते. वृषभनं ते पाहिलं असावं. सोमवारी त्यानं आरशात न बघता हात मागे केला. हातात सागवानी चौकोन होता, कडा आरशासारख्या गुळगुळीत.

"फौंड्रीत मी लाकडी पॅटर्न करतो," तो म्हणाला. "त्याच्यावरनं साचा, साच्यात लोखंड. माझ्या हातचं माप चुकत न्हाय... म्हणून म्हटलं, तुमच्या कामाला शोभंल."

मी फर्मा नाकाशी नेला. सागाचा वास. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.

फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार. सोळा ठोकळे घरात फरशीवर मांडले. जुनी रांग नव्या रांगेला बसेना. नवी रांग सव्वा सेंटीमीटरच्या आसपास पुढे येत होती. जोडली असती तर कापडाला चुण्या पडल्या असत्या. आईचा शेवटचा दिवस गुरुवारी होता.

मी पट्टी घेतली. नव्या ठोकळ्यांतला प्रत्येक चौकोन एक मिलिमीटर मोठा. प्रत्येक. हात चुकला तर कधी कमी होतं, कधी जास्त. सगळीकडे सारखंच जास्त असेल तर चूक हाताची नसते, मापाची असते.

रविवारी सकाळी त्याला घरी बोलावलं. दारातच सागवानी फर्मा पुढे केला.

"हा मोठा हाय."

"शक्य न्हाय." त्याचा चेहरा ताठ. "धा वर्षं झाली मला. माझं माप—"

"माझंही माप चुकत न्हाय." मी स्टीलची पट्टी फर्म्यावर ठेवली. "वाचा."

त्यानं वाचलं. परत वाचलं. मग कानापर्यंत लाल झाला.

"श्रिंकेज पट्टी..." तो पुटपुटला.

"म्हणजे?"

"लोखंड थंड झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा. त्याची पट्टीच वेगळी असती, शंभराला एक जास्त आखलेली. हाताला तीच सवय..." त्यानं कपाळावर हात मारला. "कापड काय मी वितळवून ओतणार हुतो?"

मला हसायचं नव्हतं. पण हसू आलं.

तो हसला नाही. चपला काढून फरशीवर बसला आणि म्हणाला, "ब्लेड द्या. जेवढं माझ्यामुळं बिघडलंय, तेवढं मी उसवतो."

तो उसवायचा, मी मिलिमीटर छाटून परत शिवायची. लोखंडाच्या कामानं राठ झालेली बोटं एकेक टाका असा सोडवत होती, की कापडाला कळूही नये. आई चहा घेऊन आली, बराच वेळ उभी राहिली.

"हल्लीची पोरं आपली चूक दुसऱ्याच्या पदरात बांधून मोकळी हुत्यात," ती म्हणाली. "ह्यो बसून उसवतोय. बरं हाय."

सात ठोकळे झाले. आठवा त्यानं उचलला तेव्हा मी त्याचा हात थांबवला.

"हा राहू दे."

"पण बसणार न्हाय त्यो—"

"ह्याच्या जागी दुसरा शिवते."

एम.एस्सी.च्या निरोपाला नेसलेली माझी मोरपंखी साडी मी कापली. नऊ चौकोन. सोमवार ते बुधवार, जाता-येता, ट्रॉल्यांच्या मागे, सगळं जोडून झालं.

गुरुवारी वृषभनंच वाकळ गाडीतून वखारीच्या दारात आणली. बायकांनी ती पसरली आणि एकच गलका झाला. "अगं, ही माझ्या लेकाच्या बारशातली!" "ही बघ, मालूची हिरवी!" कडेला कड, कोपऱ्याला कोपरा, एक चुणी नाही. आई मधोमध बसली आणि तिचा हात मोरपंखी चौकोनांवर थांबला.

"ही तेरावी कुणाची गं?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या लेकीची," आई म्हणाली. तिची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. मग दाराशी अवघडून उभ्या असलेल्या वृषभकडे बघून म्हणाली, "तू का भाईर? ये, बस की रं. तुझं पण काम हाय ह्यात."

सोमवारी अण्णा रजेवर होते. मी मागचं दार उघडलं... आणि मिटलं. पुढे बसले.

कणगल्याजवळ त्यानं माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो फर्मा द्या. एक मिलिमीटर रंध्यानं तासून देतो. बरोब्बर धा."

"नको."

"चुकीचा हाय की त्यो."

मी डबी उघडली. न उसवलेला ठोकळा मांडीवर घेतला, शेजारी सागवानी फर्मा ठेवला आणि नव्या कापडावर पहिला चौकोन आखला.

"आता सगळेच ह्या मापाचे कापणार. सगळे सारखे असले की चूक राहत न्हाय, ते माप होतं."

"नवी वाकळ?" त्याचा आवाज बदलला. "कुणासाठी?"

आरशाची आता गरज नव्हती. मी सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"दोघांना पुरेल एवढी मोठी करणार हाय," मी म्हटलं. "माप तुझं, टाका माझा. चालंल?"

पुढे उसाची ट्रॉली होती. रस्ता मोकळा होता, सहज पुढे जाता आलं असतं. वृषभनं गाडी आणखी हळू केली.

"शीव," तो म्हणाला. "मी सुई हालू देणार न्हाय."